मागची काच पुन्हा फुटली? नवी बसवण्याआधी फुटलेली नीट बघा

जानेवारीत आमच्या सोसायटीत गवत कापायचं मशिन चालू होतं. त्यातून उडालेला खडा माझ्या गाडीच्या मागच्या काचेला लागला आणि सगळी काच खडीसाखरेसारखी सीटवर सांडली. पैसे गेले, पण कारण तरी डोळ्यांसमोर होतं. नवी काच बसवली. मे महिन्यात दुपारी साडेतीनला, कोथरूडमध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीची ती नवी काचही फुटली. वर झाड नाही, आसपास क्रिकेट खेळणारी पोरं नाहीत, गाडीत चोरण्यासारखं काही नाही.

"साहेब, ऊन बघा किती आहे. तापली न् फुटली," काचवाल्यानं फोनवरच निकाल दिला.

मी काही इंजिनिअर नाही. गाडीही सेकंडहँड घेतलेली, बारा वर्षांची जर्मन सेडान. पण मे महिन्यात पुण्यात हजारो गाड्या दिवसभर उन्हात उभ्या असतात आणि त्यांच्या काचा शाबूत असतात, एवढं मलाही दिसत होतं. म्हणून तिसरी काच मागवण्याआधी दोन आठवडे याच्याच मागे लागलो. ज्यांची मागची काच बदलल्यावर पुन्हा फुटते, शिट्टी मारते, किंवा काच बदलल्यापासून डिफॉगर (काचेवरची वाफ घालवणाऱ्या, तापणाऱ्या रेघा), रेडिओ, रिमोट यांतलं काहीतरी बिनसतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

उन्हानं काच फुटते का?

एकट्या उन्हानं नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. ती तडकते पण जागेवर राहते. मागची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड. ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि तिच्यावर एकदम गार हवेचे झोत सोडतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून थंड होताना आकसायला बघतो आणि वरच्याला ओढून धरतो. त्यामुळे काचेचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट कायम ताणाखाली. या दाबामुळेच ती इतकी दणकट. साधी काच चाळीसेक अंशांच्या फरकानं तडकते, टफन्ड काच दोनशे अंशांच्या आसपासचा फरक सोसते. पुण्याचं ऊन आणि वरून ओतलेली गार पाण्याची बादली तिच्या दृष्टीनं किरकोळ.

तिचा जीव असतो कडेत. मधोमध बुक्की मारा, काही होणार नाही. पण काठाचा टवका उडाला, किंवा काठ कुठं पत्र्याला टेकून दाबला जात असला, आणि तो घाव आतल्या ताणाच्या थरापर्यंत पोचला, की सगळी काच एकाच वेळी सुटते. हे लगेच होतं असंही नाही. टवका आज उडतो, काच तीन आठवड्यांनी फुटते, आणि त्या दिवशी नेमकं ऊन असतं. मग सगळा आळ उन्हावर. दुकानात काच कशी ठेवलीय ते जरूर बघा. खाली लाकूड किंवा रबर न घालता थेट फरशीवर उभी केलेली टफन्ड काच मी तरी घेणार नाही.

निकेल सल्फाइडचं नावही या चर्चेत हमखास निघतं. काच बनताना तिच्यात अडकलेला हा बारीकसा कण पुढं फुगतो आणि काच आपोआप फुटते. हे खरं आहे, पण हा त्रास मुख्यतः इमारतींच्या जाड टफन्ड काचांचा. गाडीच्या पातळ काचेत आधी काठावर संशय घ्यावा.

तुकडे झाडण्याआधी फोटो

माझं नशीब असं की मेमध्ये फुटलेल्या काचेला आतून पारदर्शक फिल्म होती. तुकडे सुटे झाले तरी बराच भाग जागेवर लटकून राहिला, आणि इन्शुरन्ससाठी म्हणून मी चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले. रात्री ते मोठे करून बघताना लक्षात आलं की तडे कुठूनही कसेही गेलेले नाहीत. पंख्याच्या पात्यांसारखे ते एका जागेपासून पसरले होते, आणि ती जागा होती खालचा डावा कोपरा.

टफन्ड काच जिथून फुटायला लागते तिथून तडे असे फाकत जातात. ती जागा काचेच्या मध्यात असेल आणि तिथं पीठ झाल्यासारखा पांढरा ठिपका असेल, तर बाहेरून काहीतरी लागलंय. मध्यातच फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे एकमेकांना चिकटून दिसले, तर निकेल सल्फाइडचा संशय घ्यायला जागा आहे. आणि तडे काठापासून निघाले असतील, तर दोष फिटिंगचा, फ्रेमचा किंवा काठावरच्या टवक्याचा. डिफॉगरची वायर जोडायचा टॅब त्याच भागात असेल तर तोही बघून घ्या. टॅब सैल झाला की तिथं ठिणगी पडते आणि तेवढीच जागा तापते.

माझा टॅब होता उजवीकडे. डाव्या कोपऱ्यात नुसता पत्रा.

फिल्म नसेल तर काच खाली सांडते आणि हा पुरावा जातो. तरीही फ्रेमच्या काठाला पीयूमध्ये, म्हणजे काच चिकटवायच्या पॉलियुरेथेन गोंदात, चिकटून राहिलेले काचेचे दात कुठं जास्त आहेत, कुठं पार निघून गेलेत, याचा फोटो काढून ठेवा. पहिल्या तासात करायची बाकीची कामं थोडक्यात: दार जोरात आपटू नका, उरलेली काचही त्या दणक्यानं पडते. प्लास्टिक लावून चिकटपट्टी मारणार असाल तर ती रंगावर उन्हात तासन् तास ठेवू नका. मागं उघडं ठेवून लांब गाडी चालवू नका, कारण चालत्या गाडीच्या पाठीमागं हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. आणि मागच्या काचेला विजेवर चालणारा पडदा असेल, तर त्याचं बटण चुकूनही दाबू नका. त्याच्या खाचेत काचेचे खडे भरलेले असतात. माझ्या जानेवारीतल्या काचेचा शेवटचा खडा मला सीटबेल्टच्या गुंडाळीत एप्रिलमध्ये मिळाला.

क्लेम करावा का?

दोन्ही वेळा मला सगळ्यांनी सांगितलं, "इन्शुरन्स आहे ना, मग काय!" जानेवारीत ऐकलं, आणि आता हिशोब केल्यावर पस्तावतोय.

काचेवर घसारा कापत नाहीत, ही चांगली गोष्ट. रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, म्हणजे झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कवच) नसेल तर बीडिंग आणि मोल्डिंगचे, म्हणजे काचेच्या कडेच्या पट्ट्यांचे, निम्मे पैसे तुमचे. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० रुपये सक्तीचा वाटा तुम्हाला भरावाच लागतो. हे सगळं दिसतं. दिसत नाही तो नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. समजा ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता बोनस न धरता ४०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचलाय, म्हणजे २०,००० भरताय. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य आणि हप्ता पूर्ण ४०,०००. मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढून सहाव्या वर्षी परत ५०. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तरी जास्तीचे भरलेले पैसे होतात २०,००० अधिक १२,००० अधिक १०,००० अधिक ६,००० अधिक २,०००, म्हणजे ५०,०००. जीएसटी वेगळा. काचेचं बिल याच्या आत असेल आणि बोनस वाचवणारं जादा कवच तुमच्याकडे नसेल, तर खिशातून भरणं स्वस्त पडतं. बिल लाखाच्या घरात गेलं तर अर्थातच क्लेम. काच कुणी चोरीसाठी फोडली असेल तर पोलिसात नोंद आधी.

तीच काच म्हणजे नेमकी कुठली?

चाकणला गाड्यांच्या काचा बनतात, म्हणून पुणेकराला वाटतं की काच मिळणं म्हणजे काय मोठंसं. पण भारतात कमी खपणाऱ्या गाडीची मागची काच सहसा बाहेरून येते. शिवाय एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या मागच्या काचा असतात: पडद्याची आणि बिनपडद्याची, एका अँटेनाची आणि तीनची, हिरवट आणि करडी. मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलेली काच हमखास चुकते. चॅसिस नंबर टाकून पार्ट नंबर काढा, आणि जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो काढून त्याच्याशी ताडून बघा.

शिक्का वाचणं अवघड नाही. भारतीय मानकाची काच असेल तर आयएस २५५३ लिहिलेलं असतं. युरोपीय असेल तर वर्तुळात ई आणि त्याच्याशेजारी देशाचा आकडा, जर्मनीचा १, फ्रान्सचा २. आणि मजा पुढं आहे. त्या युरोपीय खुणेत रोमन पाच दिसला, तर त्या काचेतून ७० टक्क्यांपेक्षा कमी उजेड आत येतो. तिकडं मागच्या काचेला हे चालतं. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०० व्या नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड यायला हवा. बाहेरून मागवलेली काळसर काच "कंपनीचीच आहे हो" म्हणून कुणी देत असेल, तर आधी शिक्का बघा.

नाना पेठेत किंवा कुर्ल्याला भंगारातून निघालेली जुनी काचही मिळते. मी स्वतः बाजूची काच तिथून घेईन. चिकटवलेली मागची काच नाही. ती तारेनं कापून काढताना काठाला काय काय झालंय ते कुणालाच सांगता येत नाही, आणि आपला सगळा झगडा काठाशीच आहे.

सुकी मांडणी

हा खरा मुद्दा, आणि जानेवारीत नवी काच बसवताना हाच टाळला गेला होता.

या वेळी काच आणली आणि काचवाल्याला म्हटलं, "दादा, पीयू लावायच्या आधी नुसती ठेवून बघू." त्याला ते आवडलं नाही. "साहेब, वीस वर्षं हेच काम करतोय." पण चहा मागवल्यावर तयार झाला.

फ्रेमवरचा जुना पीयू सगळा साफ न करता एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून सपाट कापायचा असतो, कारण नवा पीयू जुन्या घट्ट पीयूला छान धरतो. तेवढं झाल्यावर मी मुलीच्या खेळण्यातल्या क्लेच्या सारख्या आकाराच्या गोळ्या करून फ्रेमच्या कडेनं आठ ठिकाणी ठेवल्या. वर पातळ प्लास्टिक, म्हणजे काचेला चिकटत नाही. मग दोघांनी काच अलगद ठेवली, सगळीकडून सारखी दाबली आणि उचलली. गोळ्यांची जाडी कॅलिपरनं मोजली. सात ठिकाणी साडेपाच ते साडेसहा मिलिमीटर. खालच्या डाव्या कोपऱ्यात दीड.

म्हणजे त्या कोपऱ्यात फ्रेमचा पत्रा चार-पाच मिलिमीटर वर आलेला होता. तिथं काच पीयूवर तरंगतच नव्हती, जवळजवळ लोखंडाला टेकत होती. पीयूचा थर काच नुसती चिकटवत नाही, गादीचंही काम करतो. गाडी खड्ड्यातून जाते, एक चाक वर चढतं, तेव्हा फ्रेम पिळते आणि तो पीळ ही गादी खाते. तिथं गादीच नसेल तर तो काचेला बसतो. मेमध्ये काच फुटली त्या दिवशी मी गाडी डावं मागचं चाक फुटपाथवर चढवून लावली होती. उन्हानं पत्रा काचेपेक्षा जरा जास्त प्रसरण पावला असेल, तेही निमित्त. पण घाव घालायला कोपरा महिनोन् महिने तयार बसला होता.

पत्रा वर का आला, हा पुढचा प्रश्न. रंगाची जाडी मोजायचं मीटर आणून फिरवलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. माझ्या गाडीवर सगळीकडे तेवढाच, आणि मागच्या डाव्या क्वार्टरवर (मागच्या चाकावरचा पत्रा) ४०० च्या पुढं. म्हणजे आधीच्या मालकाकडे गाडी मागून ठोकलेली, क्वार्टर ओढून सरळ केलेला, वर पुट्टी आणि रंग. घेताना मला "एकही ओरखडा नाही" सांगितलं होतं, ते एका अर्थी खरंच होतं म्हणायचं.

मग गाडीबरोबर आलेली काच इतकी वर्षं कशी टिकली? ज्यानं तेव्हा बसवली त्याला बहुधा हे माहीत होतं. तिच्याखाली डाव्या बाजूला पीयूचा जाड ढीग होता, काच त्या कोपऱ्यात किंचित वर होती. जानेवारीत फोटोत ते दिसतंय, मला तेव्हा वाचता आलं नाही. नव्या काचवाल्यानं फ्रेम साफ केली आणि काच चारी बाजूंनी दाबून छान "लेव्हल" केली. काम दिसायला सुबक झालं आणि चार महिन्यांनी फुटलं.

डेंटरनं तो काठ हळूहळू ठोकून खाली बसवला. पुन्हा क्ले, पुन्हा मोजमाप, असं तीनदा. पत्रा उघडा पडला तिथं गंज अडवणारा प्रायमर मारून तो पूर्ण वाळू दिला. यात घाई नको. अर्धवट वाळलेल्या रंगावर पीयू लावला तर पुढं तो रंगासकट सुटून येतो. तुमच्याकडे पत्रा वाकलेला नसेल पण गंजाचे फोड असतील, तरी गणित तेच. कोकणातल्या आणि मुंबईच्या समुद्राकाठच्या गाड्यांत आधी तेच तपासा. जुना पीयू कापताना पात्यानं रंग खरवडला गेला की पुढच्या दोन पावसाळ्यांत तिथं फोड येतो.

बसवताना

सिलिकॉन नको म्हणून ठणकावून सांगा. "वरून थोडं सिलंट मारतो, गळणार नाही," असं म्हणणारा काचवाला उद्याच्या दुरुस्तीची वाट लावत असतो, कारण सिलिकॉन लागलेल्या जागी पीयू धरत नाही. पीयूचा पट्टा त्रिकोणी आणि सलग हवा. काच एकदाच ठेवायची, ठेवून सरकवायची नाही. पीयू हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, त्यामुळे जूनचा दमट दिवस त्याला मानवतो, फक्त फ्रेम आणि काच कोरडी हवी. पहिला दिवस एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. बंद गाडीचं दार लावलं की आतली हवा नव्या काचेला बाहेर ढकलते. ट्यूबवर लिहिलेल्या वेळेआधी गाडी हलवू नका आणि दोन दिवस प्रेशरचं पाणी नको.

बसवल्यावर काय काय बिनसतं

शिट्टी: काचेच्या कडेवर सगळीकडे कागदी चिकटपट्टी लावून हायवेवर जा. आवाज बंद झाला तर पट्टी एकेका बाजूनं काढत जा. बहुतेक वेळा मोल्डिंगच उचललेलं असतं.

डिफॉगर अर्धाच चालतो: गाडी चालू ठेवून मल्टिमीटरनं प्रत्येक रेघेच्या मध्यावर व्होल्टेज बघा, टोकाला फॉइल गुंडाळून, म्हणजे रेघ खरवडली जात नाही. धड रेघेच्या मध्यावर सहाच्या आसपास येतं. बारा किंवा शून्य आलं तर ती रेघ कुठंतरी तुटलीय. चांदीच्या वाहक रंगानं ती सांधता येते. सगळ्याच रेघा मेल्या असतील तर काचेला दोष देण्याआधी फ्यूज आणि टॅब बघा. आणि जुनी फिल्म ओरबाडून काढू नका, रेघा तिच्याबरोबर येतात.

रेडिओ खरखरतो आणि रिमोट गाडीला चिकटून उभं राहिल्याशिवाय चालत नाही: या दोन तक्रारी माझ्याकडे एकाच दिवशी आल्या, आणि मी किल्लीचा सेल बदलून मोकळा झालो. काही उपयोग झाला नाही. बऱ्याच जर्मन सेडानमध्ये मागच्या काचेवरच्या वरच्या रेघा डिफॉगरच्या नसतातच, त्या अँटेना असतात, आणि काही गाड्यांत किल्लीचा सिग्नलही त्याच पकडतात. मागच्या खांबाचं प्लास्टिक उघडलं तर अँटेनाच्या अँप्लिफायरचा एक कनेक्टर नुसता लोंबत होता. लावला, दोन्ही तक्रारी गेल्या.

डिकीत पाणी: जुलैत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलं तेव्हा मी काचवाल्याला फोन लावणारच होतो. बायको म्हणाली, "आधी बघ तरी." तिला टॉर्च देऊन डिकीत बसवलं (तिची कल्पना, माझी नव्हे) आणि बाहेरून पाइपनं मंद धारेनं पाणी सोडलं, खालून सुरुवात करून वर वर. पाणी काचेपर्यंत पोचायच्या आतच आतून हाक आली. डाव्या टेललाइटची रबरी गास्केट, त्याच जुन्या अपघातानंतर परत न बदललेली. आमच्या गाडीची बॅटरी आणि दोन कंट्रोल युनिट डिकीतच आहेत, त्यामुळे गास्केट त्याच संध्याकाळी मागवली.